चिकमगळूरची किलोभर कॉफी आणि फ्रिजचं दार

मे महिन्यात मावसभाऊ चिकमगळूरला फिरायला गेला आणि येताना एका मळ्यातून किलोभर भाजलेली कॉफी घेऊन आला. अख्ख्या बिया, चांगल्या महागातल्या. जुलैत मुंबईहून त्याचा फोन: "अगं, तुझी पीएचडी सच्छिद्र पदार्थांतून वायू कसे फिरतात यावर आहे ना? मग सांग, माझी कॉफी पुठ्ठ्यासारखी का लागतेय? फ्रिजमध्ये तर ठेवली होती!" फ्रिजमध्ये म्हणजे दारातल्या कप्प्यात. रोज सकाळी पिशवी बाहेर काढायची, दोन चमचे बिया घ्यायच्या, पिशवी परत आत.

माझा विषय कॉफी नाही. पण भाजलेली बी सच्छिद्र असते, आणि तिच्यातून वायू बाहेर पडत असतो, त्यामुळे उत्तर देणं मला भागच होतं.

कच्ची बी कडक आणि घट्ट असते. भाजताना तिच्यातलं पाणी उडतं, ती फुगते, आत बारीक बारीक पोकळ्या तयार होतात. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइडही तयार होतो आणि त्यातला बराचसा आतच अडकून राहतो. किती? बीच्या वजनाच्या साधारण एक टक्का धरा. म्हणजे एका किलोत १० ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खोलीच्या तापमानाला हा वायू साडेपाच लिटर जागा व्यापतो! ताज्या कॉफीची पिशवी टम्म फुगते ती यामुळेच. पिशवीवर जी छोटी गोल झडप असते ती वायूला बाहेर जाऊ देते, हवेला आत येऊ देत नाही. (लोक ती दाबून वास घेतात. मीही घेते.)

हा वायू किती वेगाने निघतो, हे मोजायची एक साधी आणि मला फार आवडलेली पद्धत झ्युरिकच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठातल्या सामो स्मर्के, चाहान येरेत्झियान आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडली: कॉफीचं वजन करत राहायचं. जेवढं वजन घटलं, तेवढा वायू (आणि थोडे सुगंधी पदार्थ) गेला. जास्त गडद भाजलेल्या बियांमधून वायू लवकर निघतो. झटपट, जास्त आचेवर भाजलेल्या बियांमधूनही. आणि दळलेल्या कॉफीतून तर विचारूच नका. बीमध्ये वायूला बाहेर यायला लांबची वाट असते, दळल्यावर ती वाट मिलिमीटरच्या अंशावर येते. बिया अख्ख्या ठेवा, दळण आयत्या वेळी करा, हा सल्ला इथून येतो.

आता, हा वायू गेला तर बिघडलं काय? त्याला स्वतःला तर वास नाही. उलट अगदी ताज्या कॉफीत तो इतका असतो की पाणी ओतलं की नुसता फेस येतो आणि अर्क नीट उतरत नाही, म्हणून भाजल्यावर काही दिवस थांबतात. पण तो बाहेर येत असतो तोवर ऑक्सिजनला आत शिरणं अवघड जातं. तो ओसरला की दार उघडं.

ऑक्सिजन आत आल्यावर पहिला घाव बसतो तो गंधकाच्या संयुगांवर. मिथेनथायॉल नावाचं एक संयुग आहे. नुसतं हुंगलं तर कुजक्या कोबीसारखं, पण कॉफीत चिमूटभरही नाही इतकं असलं की तोच ताजेपणाचा वास. ते जेमतेम ६ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात ते पळायलाच बसलेलं असतं. जे पळत नाही त्याचे दोन दोन रेणू ऑक्सिजनमुळे जोडले जाऊन डायमिथाइल डायसल्फाइड बनतं. या दोघांचं प्रमाण बघून प्रयोगशाळेत कॉफी किती ताजी ते ठरवतात. त्यानंतर सावकाश बीतलं तेल खवट होतं, जुन्या शेंगदाण्यासारखं. गडद भाजलेल्या बियांवर तेल वर आलेलं असतं, त्यामुळे त्या लवकर बाद होतात.

मग फ्रिज वाईट का? गार हवा वाईट नाहीच. वाईट आहे ते रोजचं काढ-घाल. जुलैत मुंबईत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर दवबिंदू येतो २६ अंशांच्या आसपास. त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमणार. फ्रिजमधली बी असते ५-७ अंशांवर. भाजलेल्या बीत पाणी दोन-तीन टक्केच असतं, ती ओलावा चिवड्याइतक्याच आनंदाने ओढते. भावाची कॉफी जुनी तर झालीच होती, पण सादळलीही होती. वर पिशवीची झिप अर्धवट लागलेली, शेजारी चिरलेला कांदा.

फ्रीझर मात्र चालतो, एका अटीवर: पाकीट एकदाच उघडायचं. तापमान १० अंशांनी उतरलं की रासायनिक क्रिया साधारण निम्म्या वेगाने होतात, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशोबाने २८ वरून उणे १८ ला गेलं की वेग वीस-पंचवीस पटींनी कमी. हा नियम इतका ताणू नये हे मला माहीत आहे, पण दिशा खरी आहे.

म्हणून किलोभर आणलीच, तर पहिल्याच दिवशी आठवड्याला पुरेल एवढी एकेक पुडी करा. हवा दाबून काढा, घट्ट बंद करा, झडप असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावा. एक पुडी बाहेर, बाकी फ्रीझरमध्ये. नवी पुडी काढली की रात्रभर बंदच राहू द्या, खोलीइतकी गरम झाली की मगच उघडा. बाहेरची कॉफी लहान, भरलेल्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात, गॅसपासून लांब. अर्ध्या रिकाम्या मोठ्या बरणीपेक्षा गच्च भरलेली छोटी बरणी कधीही बरी. काचेची पारदर्शक बरणी ओट्यावर छान दिसते, तेवढाच तिचा उपयोग.

भावाने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग या उरलेल्या अर्ध्या किलोचं काय करू?" दूध, साखर आणि बर्फ घालून कोल्ड कॉफी कर म्हटलं. आता तो म्हणतो, ऑक्टोबरात परत जातोय, पण या वेळी पावच किलो.