सही जुळत नाही तेव्हा

वैशाखात नंदुरबारला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भरबाजारातही दुपारी सामसूम होते. उन्हाने हातपाय गळतात, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण याच उन्हात एखाद्या तरुण सुनेची नजर अचानक धूसर व्हावी, पाय जमिनीला खिळल्यासारखा जड व्हावा आणि सावलीत बसून अंगावर गार पाणी घेतल्यावर थोड्या वेळाने तीच पुन्हा उठून चालू लागावी, तर घरचे काय म्हणतील? ‘सोंग आहे!’ मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या कित्येकांच्या वाट्याला आजाराचे नाव कळण्याआधी हा शब्द येतो.

हा आजार समजून घ्यायचा तर विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे आणावी. वायरीवरचे रबर उंदराने जागोजागी कुरतडले की मोटार कधी चालते, कधी नुसती गुरगुरते, कधी गप्प बसते. दोष मोटारीत नसतो, वायरीत असतो. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरही असेच एक स्निग्ध आवरण असते. त्याला मायलिन म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच वाट चुकून या आवरणावर तुटून पडते आणि तेथे कठीण वण राहतात. असे अनेक वण, म्हणून हे लांबलचक नाव. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. वण डोळ्याच्या तंतूवर असेल तर दृष्टी अधू होते. मज्जारज्जूत असेल तर पाय लटपटतात, लघवीवरचा ताबा सुटतो. म्हणूनच दोन रुग्णांची लक्षणे एकमेकांशी जुळत नाहीत. बहुतेकांत सुरुवातीला हा आजार उसळतो आणि ओसरतो. मधले महिने, कधी वर्षेही, बरी जातात.

झिजलेल्या तंतूला उष्णता सोसत नाही. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी संदेश अडखळू शकतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी ही गोष्ट १८९० साली नोंदवली. अंग थंडावले की संदेश पुन्हा वाहू लागतो, उन्हाने नवा वण पडत नाही. आपल्या खानदेशात ही एवढी माहितीसुद्धा लाखमोलाची आहे. जड कामे सकाळी उरकावीत, मानेवर ओला पंचा ठेवावा, कढत पाण्याची आंघोळ टाळावी, ताप अंगावर काढू नये.

हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो, म्हणजे लग्न, नोकरी, मुलेबाळे यांच्या ऐन दिवसांत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक आढळतो. २०२० साली जगभरात सुमारे २८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. तो संसर्गजन्य नाही, कुणाच्या पापाचे फळ तर नाहीच. हा थंड देशांतल्या गोऱ्यांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे बरीच वर्षे होती. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचे १९९० मध्ये दाखवून दिले. पुढे एमआरआय तपासणी पसरली, तसतसे इतर समाजांतले रुग्णही उजेडात येऊ लागले.

मी बँकेत उमेदीची वर्षे काढली, म्हणून मला या आजाराची एक बाजू अधिक जाणवते. बँकेच्या जगात माणसाची ओळख म्हणजे त्याची सही. नमुन्याशी ती जुळली नाही की चेक परत जातो, मग समोर खुद्द खातेदार उभा का असेना. या आजारात हात थरथरतो, बोटे बधिर होतात. सकाळची सही संध्याकाळच्या सहीला ओळख देत नाही. अशा वेळी काय करायचे, याची सोय रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच केलेली आहे. आजारी वा असमर्थ खातेदाराचा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखायचा, आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असायचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये तर सत्तरीपुढच्या वृद्धांना आणि अपंगांना घरपोच बँकसेवा देण्याची सूचनाही तिने बँकांना केली. खिडकीपलीकडच्या तरुण कर्मचाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर वाचकांनी शांतपणे शाखाधिकाऱ्यांकडे जावे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

कायद्यानेही या आजाराला ओळख दिली ती उशिराच. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसला स्थान मिळाले. त्यामागे रुग्णांच्या स्वतःच्या संघटनेचेही बळ आहे. १९८५ साली रहमत फझलभॉय या स्वतः हा आजार झेलणाऱ्या बाईंनी मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. मात्र नोकरीतील आरक्षणासारख्या सवलतींसाठी अपंगत्व किमान ४० टक्के ठरावे लागते. चढउतार हाच ज्या आजाराचा स्वभाव, त्यात तपासणीचा दिवस नेमका बरा उजाडला तर? म्हणून उसळलेल्या दिवसांचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एमआरआयचे अहवाल तारखेनुसार एका फायलीत लावून ठेवावेत. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाचा हा सल्ला आहे.

आजार मुळापासून काढणारे औषध अजून नाही. पण १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली आणि पुढे अनेक औषधे आली. ती उसळ्यांची संख्या घटवतात. जितकी लवकर सुरू होतील तितके बरे. त्यांचा खर्च मोठा आहे आणि तज्ज्ञ जवळ नाही. मोठ्या दवाखान्यासाठी आपल्याकडची कित्येक माणसे सुरतेची गाडी धरतात. धडगावच्या पाड्यावरून निघणाऱ्याला आधी नंदुरबार गाठण्यातच दिवसाचा मोठा भाग घालवावा लागतो. त्यामुळे एका डोळ्याची नजर दुखत दुखत अचानक मंदावली किंवा बधिरपणा दिवसभराहून अधिक टिकला, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नये. लग्न झालेल्या मुलींच्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा आजार म्हणजे मातृत्वाला बंदी नव्हे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, उसळ्या कमी होतात. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने मात्र सांभाळावे लागतात. औषधांची आखणी आधीच डॉक्टरांशी बोलून करावी.

हात मोडला तर प्लास्टर दिसते आणि शेजारी खुर्ची पुढे करतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमधला थकवा दिसत नाही, एक्सरेत येत नाही, झोपेनेही पुरता जात नाही. तिथे खुर्ची कुणी पुढे करत नाही. आपल्याकडे भेटल्यावर ‘बरं शे ना?’ असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघतात. अशा माणसाला तो प्रश्न विचाराल, तर घटकाभर थांबा. आज तो ‘नाही’ म्हणाला तर विश्वास ठेवा, आणि उद्या ‘हो’ म्हणाला तर कालचे उत्तर खोटे होते असे समजू नका.