सुट्टी सरकली, सण नाही

हिजरी वर्षात अधिक महिना नसतो. त्यामुळे आमचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात. यंदा रमजानच्या अखेरीस, १९ मार्चला, गुढीपाडवा आहे. मागची तीन वर्षं ईद-ए-मिलाद गणपतीच्या दिवसांत आली होती.

२०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईच्या मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी ठेवला, सरकारने २९ची सुट्टी दिली. २०२४ला मुंबईत १६ची सुट्टी १८ला गेली. २०२५ला तिथे ५ सप्टेंबरऐवजी ८ तारीख आली. आपल्या सिंधुदुर्गात ५च राहिली.

तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, ''सर, मुंबईत तुमचा सण पुढे ढकलला?'' म्हटलं, सण नाही रे, मिरवणूक. मिलाद १२ रबिउल अव्वललाच. घरातलं दुरूद-सलाम त्याच दिवशी झालं.

''आपणच का सरकायचं?'' असं आमच्यातही काहींनी विचारलं. हा प्रश्न खोटा नाही. २०१४ मध्ये नाताळचा दिवस 'सुशासन दिन' ठरला, तेव्हा ख्रिस्ती बांधवांना तो खुपला, कारण निर्णय वरून आला होता. जुलूस पुढे नेण्याचा निर्णय मात्र ज्यांचा सण, त्यांचाच होता. माझ्या लेखी फरक एवढाच, पण मोठा.

मिलाद पुन्हा गणपतीत येईल सुमारे तीस वर्षांनी. आज माझ्या वर्गात बसणारी मुलं तेव्हा चाळिशीत असतील. वाट कोणी कोणाला दिली होती, हे त्यांना आठवावं.