सकाळी जाऊन संध्याकाळी परत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

स्पेनमधल्या तोलेदो या शहराचं रेल्वे स्टेशन शहरात नाही. नदीच्या एका काठाला स्टेशन, दुसऱ्या काठाला खडकाळ टेकडी आणि त्या टेकडीवर गाव. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की गाव आधी सगळंच्या सगळं समोर दिसतं, आणि मग पूल ओलांडून, चढण चढून त्यात शिरावं लागतं. पूर्वी व्यापारी, पंडित आणि फौजा याच वाटेनं आत गेल्या.

युरोपातल्या पुष्कळ जुन्या शहरांचं असंच आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा ही शहरं तटबंदीच्या आत दाटीवाटीनं वसलेली होती. गल्ल्या इतक्या अरुंद की रूळ आत न्यायची सोयच नव्हती. मग स्टेशन वेशीबाहेर बांधलं गेलं. त्यामुळे आजही स्टेशनपासून गावाच्या मध्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. हे चालणं म्हणजे गैरसोय आहे असं कुणी म्हणेल. माझ्या मते शहर कळायला सुरुवात तिथूनच होते.

आपल्याकडे युरोप म्हटलं की पंधरा दिवसांत सात-आठ देश, अशी रीत आहे. त्यात वाईट काही नाही. सोबत असते, जेवणात वरण-भात मिळतो, भाषेची अडचण येत नाही. पण ज्याला एखाद्या भिंतीसमोर अर्धा तास उभं राहायचं आहे, त्यानं काय करावं? त्यानं एक मोठं शहर मुक्कामाला धरावं, सामान तिथंच ठेवावं आणि रोज सकाळी रेल्वेनं एका जुन्या गावी जाऊन संध्याकाळी परत यावं. आम्हा सोलापूरकरांना ही कल्पना नवी नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघायचं, पुण्यात कोर्टाचं नाहीतर दवाखान्याचं काम उरकायचं आणि रात्री घरी परतायचं, हे आम्ही करतच आलो आहोत. इथं काम एवढंच, की गाव पाहायचं.

माझा भाचा माद्रिदला नोकरी करतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मी दोन आठवडे त्याच्याकडे होतो. तो सकाळी आठला कामावर जायचा. ‘‘मामू, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा गावं बघा,’’ म्हणाला आणि त्यानं मला तिकिटं काढून दिली. तेव्हा मी एकटा फिरलो ते हौसेपेक्षा नाइलाजानं. पण दुसऱ्या दिवसापासून सोबतीची आठवण झाली नाही.

स्पेनची वेगवान रेल्वे १९९२ साली माद्रिद ते सेव्हिल या मार्गावर सुरू झाली. त्या वर्षी सेव्हिलला जागतिक प्रदर्शन होतं, त्याचं निमित्त. वाटेत कॉर्दोबा लागतं. तोलेदोचा फाटा २००५ साली जोडला गेला. आता माद्रिदच्या आतोचा स्टेशनातून निघालेली गाडी साधारण अर्ध्या तासात तोलेदोला पोचते. प्रत्येक तिकिटावर डबा, आसन आणि गाडीची वेळ ठरलेली असते, म्हणून येण्याजाण्याचं तिकीट एकदमच काढावं. शनिवार-रविवारी गाड्या भरतात. विमानतळासारखी सामानाची तपासणी असते आणि गाडी सुटण्याच्या आधीच फाटक बंद होतं, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवावा. तो वेळ वाया जात नाही. आतोचाच्या जुन्या इमारतीत, गाड्या जिथं लागायच्या त्या भव्य मंडपाखाली, आता माडासारख्या उंच झाडांची बाग आहे.

याच आतोचाकडे येणाऱ्या लोकल गाड्यांत ११ मार्च २००४ रोजी सकाळी बॉम्बस्फोट झाले. एकशे नव्वदहून अधिक माणसं गेली. ११ जुलै २००६ ची मुंबईची संध्याकाळ आपल्याला ठाऊक आहे. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी ठेवताना या दोन्ही तारखा माझ्या मनात होत्या, आणि खिशातल्या पासपोर्टावरचं माझं नावही. पट्ट्यापलीकडच्या माणसानं पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलंही नाही. बरं वाटलं.

तोलेदोचं स्टेशन स्वतःच पाहण्यासारखं आहे. १९१९ सालची ही इमारत नालेच्या आकाराच्या कमानी, विटांची नक्षी आणि रंगीत काचा लावून जुन्या अरबी वळणावर बांधली आहे. ज्या मुसलमानांना तीनशे वर्षांपूर्वी देशाबाहेर काढलं, त्यांच्याच कारागिरीची आठवण म्हणून लोकांनी आपलं स्टेशन सजवावं, याची गंमत वाटते. पण आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तरी काय? तेही मध्ययुगीन युरोपच्या नकलेवरच उभं राहिलं. स्टेशनं बांधणाऱ्यांना दूरचं काहीतरी आवडतं असं दिसतं.

पुलाचं नाव अल्कांतारा. अरबीत ‘अल्-कन्तरा’ म्हणजे पूल. तेव्हा ‘अल्कांतारा पूल’ म्हणणं म्हणजे ‘पूल-पूल’ म्हणणं. चढून वर गेलं की मुख्य चौक लागतो, त्याचं नाव सोकोदोवेर. हे मूळचं ‘सूक अद्-दवाब’, म्हणजे जनावरांचा बाजार. आता तिथं कॉफीची दुकानं आहेत. एकदा ही सवय लागली की स्पॅनिश पाट्या वाचत हिंडायला मजा येते. साखरेला ‘असुकार’ म्हणतात: आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर आणि तिथून इकडे आली. संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात, ते आपलं नारिंग. विमानतळावरच्या जकातीच्या पाटीवर ‘आदुआना’ लिहिलेलं असतं, त्यात ‘दिवाण’ लपलेला आहे. नगराध्यक्षाला ‘अल्काल्दे’ म्हणतात, तो मूळचा काझी.

एका दिवसात गावातलं सगळं पाहायचं नाही, हा पहिला नियम. एक धागा धरायचा आणि तेवढाच पाहायचा. तलवारींची दुकानं तोलेदोत पावलोपावली आहेत. आपल्या मराठी सैनिकांनाही युरोपी पात्याची ‘फिरंग’ आवडायची, पण दुकानातल्या बहुतेक तलवारी भिंतीवर टांगण्याच्या कामाच्या. मोठं कॅथीड्रल भव्य आहे, जुन्या जामा मशिदीच्या जागी तेराव्या शतकात उभं राहायला लागलं. मी तिथून तासाभरात बाहेर पडलो. मी धरलेला धागा होता भाषांतराचा.

तोलेदो मुसलमान राजवटीकडून कास्तिलचा राजा सहावा आल्फोन्सो याच्याकडे १०८५ साली गेलं. अरबी ग्रंथ मात्र गावातच राहिले, आणि अरबी जाणणारे यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमानही राहिले. बाराव्या शतकात युरोपभरचे विद्वान ते ग्रंथ शोधत इथं येऊ लागले. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ शोधत आला आणि ११८७ साली मरेपर्यंत भाषांतरंच करत राहिला. इब्न सीनाचं वैद्यकशास्त्र, अल्-ख्वारिझ्मीचं बीजगणित त्यानं लॅटिनमध्ये नेलं. हा अल्-ख्वारिझ्मी म्हणजे भारतीय अंकांवर अरबीत पुस्तक लिहिणारा. शून्यासकट आपले अंक युरोपला समजले ते अशा पुस्तकांच्या लॅटिन भाषांतरांमुळे.

कामाची एक पद्धत मला फार आवडली. दोन माणसं समोरासमोर बसायची. एक जण अरबी पोथी पाहून तिचा अर्थ गावच्या बोलीत मोठ्यानं सांगायचा, दुसरा तो ऐकून लॅटिनमध्ये लिहायचा. मधली बोली हवेत विरून जायची. पुढं तेराव्या शतकात, तोलेदोतच जन्मलेल्या दहाव्या आल्फोन्सोनं त्या बोलीलाच मान दिला आणि भाषांतरं तिच्यात लिहून घेतली. स्पॅनिश गद्य उभं राहिलं ते यातून. तो राजपुत्र असतानाच, १२५१ च्या सुमारास ‘कलीला व दिम्ना’ कास्तिलच्या बोलीत आलं. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. संस्कृतातून पहलवी, पहलवीतून अरबी आणि अरबीतून स्पॅनिश. कोल्ह्यांनी माझ्यापेक्षा पुष्कळ आधी हा प्रवास केला होता.

गावाच्या उत्तरेकडच्या वेशीजवळ एक चिमुकली मशीद आहे, ९९९ सालची. आत चार खांब, त्यांच्यामुळे झालेले नऊ चौकोन आणि प्रत्येक चौकोनावर वेगळ्या नक्षीची घुमटी. बाराव्या शतकात तिचं चर्च झालं. दर्शनी भिंतीवर विटाच अक्षरांसारख्या रचून अरबी लेख केला आहे. त्यात बांधणाऱ्या मूसा इब्न अलीचं नाव आहे. लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलेली अक्षरं मला येतात, पण ही कुफी लिपी टोकदार आणि हट्टी. ‘बिस्मिल्ला’ लागलं, पुढं अडखळलो. अरबी मला वाचता येते, समजत नाही. समजते ती मराठी.

गेली तीस वर्षं मला एक प्रश्न विचारला जातो: तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता? विचारणारे बहुधा प्रेमानंच विचारतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना कुणी हे विचारलं होतं का, कोण जाणे. सोळाव्या-सतराव्या शतकात ते मराठीत ‘योगसंग्राम’ लिहीत होते. साधारण त्याच सुमाराला इकडे सर्व्हांतेस ‘दोन किहोते’ लिहीत होता. त्या कादंबरीच्या पहिल्या भागात, जो १६०५ साली निघाला, एक मजेदार बतावणी आहे. लेखक सांगतो की ही गोष्ट माझी नव्हे. तोलेदोच्या बाजारात एक पोऱ्या रद्दी विकत होता, तीत मला अरबी अक्षरांतली वही दिसली. वाचणारा माणूस शोधायला वेळ लागला नाही. सापडलेल्या मोरिस्कोला, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानाला, मी घरी नेलं आणि दीड महिन्यात त्यानं सगळं भाषांतर करून दिलं. मजुरी किती? दोन आरोबा मनुका, म्हणजे तेवीसेक किलो, आणि दोन मापं गहू. आपल्याकडच्या अनुवादकांना विचारून पाहा, त्यांना हा भाव वाईट वाटणार नाही.

ही थाप अर्थातच सर्व्हांतेसची. पण पुस्तक निघाल्यावर चारच वर्षांनी, १६०९ साली, खऱ्याखुऱ्या मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. १६१४ पर्यंत ते काम चाललं. यहुद्यांना त्याआधीच, १४९२ साली, घालवून दिलं होतं. तोलेदोच्या यहुदी वस्तीत चौदाव्या शतकात राजाच्या खजिनदारानं बांधलेलं प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर हिब्रूच्या जोडीला अरबी अक्षरंही कोरलेली आहेत. यहुद्याच्या देवळात अरबी, ख्रिस्ती राजाच्या राज्यात. कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नसावं. मी तिथं बाकावर बराच वेळ बसलो. सोबत कुणी असतं तर घड्याळ पाहून उठलो असतो.

जेवणाचं सांगतो. दुपारचं जेवण दोननंतर, आणि बरीच लहान दुकानं त्या वेळी बंद. स्पेनमध्ये डुकराचं मांस भाजीत, सूपमध्ये कुठंही असू शकतं. ‘सिन खामोन’, हॅम नको, एवढे दोन शब्द मी पाठ केले. शाकाहारी मंडळींनी ‘सिन कार्ने’, मांस नको, हेही पाठ करावं. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट सगळीकडे मिळतं. तोलेदोची बदामाची मिठाई, मासापान, आपल्या बदामबर्फीची बहीण शोभेल.

कॉर्दोबाला मी तीन दिवसांनी गेलो. सोलापूर-पुण्यापेक्षा लांबचं अंतर, पण गाडीला पावणेदोन तास लागतात. हेही दिवसात होतं, फक्त पहाटे निघावं. स्टेशनपासून जुन्या मशिदीपर्यंत पायी अर्धा तास धरावा. ७८५ साली पहिल्या अब्दुर रहमाननं ती बांधायला घेतली, नंतरच्या सुलतानांनी वाढवली. साडेआठशे खांब आणि त्यांच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. १२३६ नंतर ती कॅथीड्रल झाली आणि १५२३ पासून मधोमध नवं बांधकाम उठलं. आज तिथं मुसलमानांना नमाजाची परवानगी नाही. मी हात बांधले नाहीत, नुसता खांबांतून हिंडलो. इक्बाल १९३३ मध्ये इथं आले होते, त्यांची कविता उर्दूत प्रसिद्ध आहे. मला तिथं कविता सुचली नाही. कमानी मोजत राहिलो, मोजणी चुकत राहिली. जुलै-ऑगस्टात मात्र कॉर्दोबाला जाऊ नका. तिथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि हे सोलापूरचा माणूस सांगतो आहे.

सेगोवियाबद्दल थोडक्यात. तिथल्या गाड्या आतोचावरून नव्हे, चामार्तीन या दुसऱ्या स्टेशनावरून सुटतात. अर्ध्या तासाचा प्रवास, पण वेगवान गाडीचं स्टेशन गावाबाहेर माळावर आहे, तिथून शहर बस घ्यावी लागते. म्हणजे चालत शिरण्याचं सुख इथं नाही. बस सोडते ती रोमनांच्या पाणी-पुलापाशी. अठ्ठावीस मीटर उंच, चुना नाही, दगडावर नुसता दगड, आणि एकोणीसशे वर्षं उभा.

परतीची गाडी फार लवकरची घेऊ नये. टूरच्या बसगाड्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला निघून जातात आणि गल्ल्यांत गावची माणसं दिसू लागतात. पासपोर्ट जवळ हवा. पायात नवे बूट नकोत. आणि सोमवार टाळावा, त्या दिवशी पुष्कळ संग्रहालयं बंद असतात. तोलेदोचं ते यहुदी प्रार्थनामंदिरही.