उधळण

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभाच्या वेळी व्यासपीठावर चंदेरी-सोनेरी तुकड्यांचा पाऊस पडला, तो अनेकांना आठवत असेल. त्यांतली दोन नळकांडी माझ्या हातांत होती. नळकांडे तळाशी पिरगळले की आत दाबून भरलेली हवा एकदम सुटते आणि तुकडे उंच उडून सावकाश खाली येतात. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, सजावट समितीत असल्याचा मला अभिमान वाटला. चौथ्या दिवशी पाहते तो शिपाईमामा पटांगणातले चकाकते तुकडे वाकून एकेक वेचीत होते! त्यानंतर उधळण्याच्या वस्तूंविषयी काही वाचले, काही विचारले, ते येथे मांडते.

उधळणे आपल्याला नवे नाही. जेजुरीला भंडारा-खोबरे, जोतिबाला गुलाल आणि लग्नात अक्षता. अक्षत म्हणजे न मोडलेले. म्हणून दाणा अख्खा हवा, कणी चालत नाही. पण तो तांदळाचाच हवा असे नाही. आमच्या सोलापूरकडे पुष्कळ लग्नांत रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता असतात. जे शेतात पिकते तेच डोक्यावर पडते.

'कॉन्फेटी' हा आता आपल्याकडेही रुळलेला शब्द इटालियन, आणि गंमत अशी की तोही मुळात खाऊचा. इटलीत 'कॉन्फेटी' म्हणजे साखरेचे कवच चढवलेले बदाम. लग्नात पाहुण्यांना ते आजही वाटतात. कागदी चकत्यांना तेथे 'कोरिआंदोली' म्हणतात. हा शब्द धन्यांवरून आला, कारण कार्निव्हलच्या मिरवणुकीत पूर्वी साखरेत घोळवलेले धने फेकीत. पुढे साखर महाग पडू लागली तशा चुन्याच्या गोळ्या आल्या, आणि त्या डोळ्यांना लागू नयेत म्हणून लोक तोंडावर जाळी बांधू लागले. कागद आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मिलान शहराकडे. रेशीमकिडे पाळण्यासाठी तेथे भोके पाडलेले कागद वापरीत. भोके पाडताना गळालेल्या चकत्या टाकून देण्याऐवजी कोणाला तरी त्या उधळण्याची कल्पना सुचली. म्हणजे कागदी कॉन्फेटीचा जन्म केरातूनच झाला म्हणायचा!

आपण उडवले ते तुकडे मात्र कागदाचे नव्हतेच. ती प्लॅस्टिकची पातळ फिल्म, वर ॲल्युमिनियमचा नाममात्र थर. ती कुजत नाही, ओल्या फरशीला चिकटून बसते आणि पावसात गटारात जाते. कागद घ्यावा तर तोही पारखून घ्यावा. पताकांचा रंगीत कागद ओला झाला की रंग सोडतो, आणि साड्यांवरचे ते डाग लवकर निघत नाहीत. ऑफिसातल्या पंचिंग मशीनखाली साचणाऱ्या पांढऱ्या चकत्या त्या मानाने बऱ्या.

पुडीची गोष्ट अधिक गंभीर आहे. २७ जून २०१५ रोजी तैवानमध्ये ताइपेजवळच्या एका जलक्रीडा उद्यानात तरुणांच्या कार्यक्रमात मक्याच्या पिठाची रंगीत पूड उधळली गेली. ती पेटली. १५ जण दगावले आणि चारशेहून अधिक भाजले. परातीतले पीठ सहजासहजी पेट घेत नाही. पण तेच हवेत तरंगू लागले की प्रत्येक कणाभोवती हवा असते आणि ठिणगी मिळताच सारा ढग एकदम जळतो. तेव्हा समई, फटाके किंवा तापलेले दिवे जवळ असतील तेथे कोणतीही पूड उधळू नये, मग ती कितीही 'नैसर्गिक' असो.

आता अक्षतांकडे वळते, आणि येथे थोडे घरचे सांगावे लागेल. माझी आई तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात झाडलोट करते. हे मी कॉलेजात आजवर कोणाला सांगितले नव्हते. मागच्या वैशाखात वर्गातल्या मैत्रिणीच्या बहिणीचे लग्न त्याच कार्यालयात होते. मंगलाष्टके चालू असताना आई झाडू घेऊन खांबाआड उभी होती. मी अक्षता टाकीत होते. मी तिच्याकडे पाहिले नाही.

रात्री घरी आल्यावर तीही त्याविषयी काही बोलली नाही. मीच विचारले, "आई, रोज किती अक्षता निघतात गं?" ती म्हणाली, "पोतं भरत नाही, पर घमेली भरत्यात." मी हिशेब केला. माणशी ३० ग्रॅम धरले तर ५०० पाहुण्यांचे १५ किलो होतात. कुंकू, माती आणि चपलांची धूळ मिसळल्यावर ते धान्य कोणाच्या पोटी जात नाही. शिवाय गुळगुळीत फरशीवर दाणे गोट्यांसारखे घरंगळतात. एका लग्नात एक आजीबाई त्यावरून घसरून पडलेल्या आईने पाहिल्या आहेत.

"मग फुलांच्या पाकळ्या बऱ्या ना?" मी म्हटले. मला वाटले, आता ती हो म्हणेल.

"पाकळ्या तर लईच वंगाळ. तुडवल्या की चिखल हुतोय, पाय घसरतोय, आन् झेंडूचा पिवळा डाग फडक्यानं बी जात न्हाई. पाकळ्या तोडता कशाला? अख्खं फूल टाका की. हातानं उचलता येतंय, निम्मी तर पोरंच पळवत्यात."

मी वाचलेल्यात हे कुठेच नव्हते. झाडणारीला कोणी विचारलेच नसावे.

यंदाच्या सजावट समितीत मी आईचीच सूचना मांडली आहे: प्रत्येकाच्या हातात एकेक अख्खे शेवंतीचे फूल द्यावे. सूचना कोणाची, हेही सभेत सांगितले. काही मित्रांचे म्हणणे पडले की फोटोत चमक येणार नाही, आणि ते खरेही आहे. निर्णय पुढच्या सभेत व्हायचा आहे. तो काहीही झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामांबरोबर पटांगण झाडणाऱ्यांच्या यादीत माझे नाव लिहून ठेवले आहे. अजून चार जण हवे आहेत. खराटे मी घरून आणीन.