मेंदूचे पहारेकरी

माणसाच्या मेंदूचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढेच असते. परंतु सारे शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. हा प्राणवायू आणि त्याबरोबर साखर पुरविण्यासाठी रक्त मेंदूकडे अखंड वाहत असते. पण रक्तातून केवळ पोषक द्रव्येच वाहतात असे नाही. अपायकारक द्रव्ये, रोगजंतू आणि त्यांची विषे हीही त्याच वाटेने प्रवास करतात. त्वचेला जखम झाली तर ती काही दिवसांत भरून येते. मेंदूतील मज्जापेशी एकदा नष्ट झाल्या, की त्यांची जागा सहसा भरून निघत नाही. मग इतक्या नाजूक इंद्रियाचे रक्षण होते तरी कसे?

ह्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा रंगाच्या एका प्रयोगातून हाती आला. पाउल एर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात निरनिराळे रंग सोडून पाहिले. शरीरातील बहुतेक सर्व इंद्रिये रंगली. मेंदू मात्र कोराच राहिला! १८८५ साली ही गोष्ट त्याने नमूद केली. मेंदूला हा रंग चढतच नसावा, असे त्याला वाटले. पुढे त्याचाच शिष्य एडविन गोल्डमान याने १९१३ साली उलट प्रयोग केला. मेंदूभोवती जो स्वच्छ द्रव असतो, त्यातच त्याने निळा रंग सोडला. ह्या वेळी मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले! म्हणजे मेंदूला रंग चढत होता. रक्तातून तो मेंदूपर्यंत पोहोचत मात्र नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एखादी भिंत असली पाहिजे, हे उघड झाले.

ही भिंत साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्याजोगी नव्हती. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने १९६७ साली थॉमस रीझ व मॉरिस कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या मेंदूत दाखवून दिली. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. शरीरात इतरत्र ह्या पेशींच्या सांध्यांतून काही द्रव्ये पाझरू शकतात. मेंदूत मात्र एक पेशी दुसरीला इतकी घट्ट जोडलेली असते, की सांध्यातून वाटच उरत नाही. जणू चिरेबंदी तटच!

परंतु मेंदूतील केशवाहिन्यांनाच हा गुण कोठून लाभला? १८५६ च्या सुमारास रुडॉल्फ फिरखो ह्या शास्त्रज्ञाने मज्जापेशींच्या सभोवतालच्या भागाला ‘सरस’ ह्या अर्थाचे नाव दिले होते. मज्जापेशींना एकत्र चिकटवून ठेवण्यापलीकडे त्याचे काही काम नसावे, असा पुष्कळ काळ समज होता. ह्या भागातील काही आधारपेशींचा आकार ताऱ्यासारखा असतो. त्या आपले पसरट पाय केशवाहिन्यांवर टेकवून त्यांना जवळजवळ सर्व बाजूंनी वेढून टाकतात. त्यांच्या आत आणखी काही पेशी केशवाहिनीला बाहेरून बिलगून बसलेल्या असतात. केशवाहिनीचे सांधे घट्ट व्हावेत आणि तसेच राहावेत, यासाठी ह्या शेजाऱ्यांकडून तिला संदेश मिळत असतात.

शेजाऱ्यांचा हा प्रभाव १९८१ साली एका प्रयोगाने स्पष्ट झाला. ज्यात अद्याप रक्तवाहिन्या उगवल्या नव्हत्या, असा लावा पक्ष्याच्या भ्रूणातील मेंदूचा अंश कोंबडीच्या भ्रूणाच्या पोटात रोवण्यात आला. पोटातील साध्या रक्तवाहिन्या त्या अंशात शिरल्या आणि मेंदूच्या वाहिन्यांसारख्या घट्ट बनल्या! तट रक्तवाहिनीचा खरा, पण तो उभारण्याची शिकवण मेंदूची होती.

तट असला म्हणजे दरवाजेही हवेत. प्राणवायू केशवाहिनीच्या पेशींतून सहज पार होतो. साखरेला पलीकडे नेण्यासाठी त्या पेशींत खास वाहक असतात. मात्र हा पहारा सर्वांनाच अडवू शकतो असे नाही. मद्य आणि तंबाखूतील निकोटीन त्यातून सहज निसटतात व थेट मेंदूवर परिणाम करतात. म्हणून त्यांच्यापासून मेंदूला वाचविण्याचे काम माणसाने स्वतःच केले पाहिजे.

कधी कधी हाच पहारा वैद्यांना अडचणीत टाकतो, कारण पुष्कळशी औषधे तटाबाहेरूनच परत जातात. कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते. ते रक्तात सोडले, तरी मेंदूत शिरत नाही. परंतु ज्यापासून मेंदू डोपामिन तयार करतो, त्या लेव्होडोपाला आत जाण्याची मुभा आहे. जॉर्ज कोट्झियास यांनी हे द्रव्य हळूहळू वाढवीत मोठ्या प्रमाणात दिले, तेव्हा ताठरलेल्या रोग्यांना पुन्हा हालचाल करता येऊ लागली. हे वृत्त १९६७ सालीच प्रसिद्ध झाले. तट न पाडता त्याच्याच दरवाजातून औषध आत नेण्याचा हा मार्ग आजही रोग्यांच्या उपयोगी पडत आहे. असे आणखी मार्ग शोधण्यासाठी शास्त्रज्ञ आज ज्या पेशींचा बारकाईने अभ्यास करतात, त्यांत एके काळी केवळ सरस समजल्या गेलेल्या ह्या आधारपेशीही आहेत.