गाडीसाठी मोठा सबवूफर निवडताना

अहिल्यानगरच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या गाडीजवळ छातीवर आदळतो तो दणका सबवूफरचा. साधारण २० ते १०० हर्ट्‌झचा खर्ज वाजवणे हे त्याचे काम. आपल्या गाडीत तो बसवायचा असेल, तर तीन गोष्टी ताडून पाहा.

आकार : १५ इंची सबवूफरच्या पडद्याचे क्षेत्रफळ १२ इंचीच्या दीडपटीहून थोडे जास्त, १८ इंचीचे सव्वादोनपट. तेवढ्याच हालचालीत मोठा पडदा जास्त हवा ढकलतो.

ताकद : ‘पीक’ वॅट क्षणभराचे असतात, तुलना ‘आरएमएस’ वॅटचीच करा. वॅट दुप्पट केले तरी आवाज सुमारे ३ डेसिबलनेच वाढतो.

पेटी : बंद पेटीत ठोका आखीव येतो. पोर्टच्या पेटीत खर्ज भरदार होतो, पण डिकीतली जागा जास्त जाते. पेटीचे माप चुकले, तर महागडा सबवूफरही वाया जातो.

अॅम्प्लिफायरला जाड वायर द्या, बॅटरीजवळ फ्यूज लावाच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून आवाज बेतानेच ठेवा.