गुरख्याची कुकरी : एका वाकड्या पात्याची पारख

काठमांडूला किंवा दार्जिलिंगला सहलीसाठी गेलेले कुटुंब परत येताना दोन वस्तू हटकून आणते. एक लोकरीची शाल आणि दुसरी कुकरी. शाल कपाटात जाते, कुकरी दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली जाते. इथवर ठीक आहे. पण घरात लाठी किंवा कराटे शिकणारा एखादा तरुण असला, की तो ती भिंतीवरून उतरवतो, हवेत दोन हात फिरवून पाहतो आणि आईच्या छातीत धस्स होते. म्हणून प्रश्न सरळच विचारू. हे वाकडे पाते शस्त्रविद्येच्या कितपत उपयोगाचे?

नेपाळी माणूस तिला ‘खुकुरी’ म्हणतो, आणि त्याच्या लेखी ती आधी घरातले हत्यार आहे, शस्त्र मागाहून. लाकडे फोडायची, झुडपे तोडायची, मांस कापायचे, दसैंच्या सणात बळी द्यायचा, ही तिची रोजची व वर्षाची कामे. आपल्याकडे कोयता आणि विळी जे करतात ते ती एकटी करते. डोंगरातला पोर लहानपणापासून ती वापरतो. पलटणीत भरती होतो तेव्हा त्याचे मनगट आधीच तयार झालेले असते. कुकरीचा खरा आखाडा म्हणजे लाकडाचा ढीग! हे ज्याने ध्यानात घेतले नाही, त्याला तिचे मर्म कळणे कठीण.

आता पात्याकडे पाहा. कुकरी मुठीसकट साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर लांब आणि अर्धा ते पाऊण किलो वजनाची असते. पाते मधेच आतल्या बाजूला झुकते आणि पुढे पोटाशी रुंद होते. त्यामुळे वजन टोकाकडे सरकते, घाव कुऱ्हाडीसारखा बसतो. शिवाय धार तिरकी असल्याने सरळ मारलेला वारसुद्धा काप घेतच आत शिरतो. इतक्या आखूड हत्याराचा घाव एवढा खोल का जातो, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे. त्यात देवी चमत्कार काही नाही.

घडवणाऱ्या कामी लोहाराचे कौतुक मात्र करावे तेवढे थोडे. भोजपूर आणि धरान ही या कामाची नावाजलेली गावे. मोटारीच्या जुन्या स्प्रिंगचे पोलाद तापवून तो पाते ठोकतो, आणि पाणी देताना अख्खे पाते बुडवीत नाही. किटलीच्या तोटीने फक्त धारेवर पाणी सोडतो. धार कठीण होते, पाठ मऊ व चिवट राहते. म्हणून घाव घालताना पाते मोडत नाही. मुठीजवळच्या खाचेबद्दल हवे तितके ऐकायला मिळते. कोणी म्हणतो रक्त मुठीवर येऊ नये म्हणून, कोणी म्हणतो गाईचे खूर, कोणी शंकराचा त्रिशूळ. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे.

पण ‘म्यानातून काढलेली कुकरी रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही’ ही गोष्ट निखालस खोटी आहे. तसे असते तर पलटणीतल्या आचाऱ्याला प्रत्येक कोबीमागे बोट कापून घ्यावे लागले असते!

लढाईतला तिचा लौकिक मात्र खोटा नाही. १८१४ साली डेहराडूनजवळ नालापानीच्या किल्ल्यात बलभद्र कुंवरच्या सुमारे ६०० माणसांनी इंग्रज फौजेला झुंजविले. त्या लढाईत इंग्रजांचा जनरल गिलेस्पी पडला. पुढल्याच वर्षी इंग्रजांनी गुरख्यांच्या पलटणी उभारल्या, यात सारे आले. मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशात भानभक्त गुरुंग या रायफलमनजवळचे हातबॉम्ब संपले. त्याने जपानी बंकरमध्ये धुराचे बॉम्ब फेकले आणि बाहेर आलेल्या दोघांना कुकरीने गाठले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०१० मध्ये, विष्णू श्रेष्ठ या गुरखा जवानाने मौर्य एक्स्प्रेसमध्ये एका मुलीवरचा अत्याचार थांबविण्यासाठी दरोडेखोरांच्या टोळीवर एकट्याने कुकरी चालविली.

या हकिगती नीट पाहिल्या तर एक गोष्ट दिसते. बंकर असो की आगगाडीचा डबा, जागा अरुंद होती. अशा ठिकाणी तलवार अडते, लाठी फिरत नाही. आखूड, जड पाते तिथे राज्य करते. मोकळ्या मैदानात चित्र पालटते. लाठीवाल्याने अंतर राखले तर कुकरीवाला पोचतच नाही. आणि श्रेष्ठच्या डाव्या हाताला खोल जखम झाली होती हेही विसरू नये. आपल्या दांडपट्ट्यात हात लोखंडी खोबणीत सुरक्षित असतो. कुकरीला तर मुठीपुढे साधी आडवी पट्टीही नाही. भोसकताना घामेजलेला हात धारेवर घसरू शकतो. एकदा जोराने घातलेला वार मधेच आवरणेही सोपे नाही, कारण वजन पुढे असते.

म्हणून माझे मत असे : तोडण्यात ती अव्वल, भोसकण्यात मध्यम, वार अडविण्यात कच्ची. जोडीदाराबरोबरच्या सरावाला खरी कुकरी कधीही घेऊ नये. त्याच आकाराची, त्याच तोलाची लाकडी करून घ्यावी. पितळेने मढविलेल्या शोभेच्या कुकऱ्या तर भिंतीवरच बऱ्या. त्यांचे पाते पातळ आणि मूठ नुसती लाखेने चिकटविलेली असू शकते. घ्यायचीच असेल तर मूठ धरून जोराने झटका द्यावा. जराही खुळखुळली तर परत ठेवावी. म्यान उलटे केल्यावर पाते आपोआप घसरता कामा नये. आणि ती उपसताना म्यानाच्या धारेकडच्या बाजूला बोटे मुळीच ठेवू नयेत, कारण धार म्यानाची शिवण फाडून बाहेर येते. नवशिक्यांची बोटे बहुधा इथेच कापतात.

म्यानात मागे दोन छोटी पाती असतात. त्यांतला कर्दा बारीकसारीक कापाकापीसाठी. दुसरा चकमक, त्याला धार नसते. तो बोथट आहे म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कुकरीची धार सारखी करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला तो तसाच लागतो.